लिलावातून घेतलेले दुर्मीळ नाणे अस्सल आहे का, हे कसे तपासावे

लिलावातून घेतलेले महागडे नाणे घरी आले की ते हातात घेऊन पाहण्याची घाई होते आणि त्या घाईत पुढे उपयोगी पडणारा पुरावा हातचा जातो. पाकीट उघडतानाचा सलग व्हिडिओ घ्यावा, त्यात लॉट क्रमांकाची चिठ्ठी आणि नाण्याच्या दोन्ही बाजू स्पष्ट दिसाव्यात. मग कॅटलॉगमधले छायाचित्र समोर ठेवून त्यावरचा प्रत्येक ओरखडा आपल्याकडच्या नाण्यावर सापडतो का, हे पाहावे. ज्यावर बोली लावली तेच नाणे आले, एवढेच यातून ठरते; ते अस्सल आहे का, हा प्रश्न त्यानंतरचा. लिलावगृहाच्या नियमांत हरकत घेण्याची मुदत बहुधा दिलेली असते, ती त्याच दिवशी वाचून कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

आम्ही इंदूरकर संग्राहक अशा वेळी सराफा बाजार गाठतो. रात्री तिथली दुकाने बंद होऊन खाऊच्या गाड्या लागण्याआधी ओळखीच्या सराफाने ‘चांदी चोख आहे’ असे सांगितले की आपला जीव भांड्यात पडतो. पण सराफ धातू पारखतो, आणि आपण पैसे केवळ धातूचे मोजलेले नसतात. म्हणून तपासणीला बसण्यापूर्वी एकच गोष्ट ठरवून घ्यावी, की या नाण्याची किंमत नेमकी कशामुळे वाढली आहे: सनामुळे, टाकसाळीच्या खुणेमुळे, की पूर्ण उमटलेल्या मजकुरामुळे. पहिली नजर तिथेच टाकावी.

सहाव्या जॉर्जचा रुपया घ्या. १९३८ चा सहज मिळतो, १९३९ चा दुर्मीळ आणि फार महाग. दोन्हींचे प्रमाणित वजन ११.६६ ग्रॅम, दोन्हींत चांदी ९१.७ टक्के. म्हणजे खऱ्या १९३८ च्या रुपयावरचा ८ कोरून कोणी त्याचा ९ केला, तर काटा, चुंबक आणि सराफाचे यंत्र तिन्ही त्याला अस्सलच ठरवतील. काही वर्षांपूर्वी असा एक रुपया मी स्वतः घेतला होता. वजन बरोबर, चांदी बरोबर, आणि मी निश्चिंत. दहापट भिंगाखाली टेबलावरचा दिवा अगदी तिरपा धरला तेव्हा ९ च्या शेपटीच्या डावीकडे, जिथे ८ च्या खालच्या वाटोळ्याची बाजू असते तिथे, नखाच्या टोकाएवढी जागा किंचित खोलगट आणि निस्तेज दिसली. ठसा आदळताना धातू कडेच्या दिशेने सरकतो आणि न झिजलेल्या नाण्यावर त्याच्या बारीक रेषा उमटतात. आजूबाजूला त्या अखंड होत्या, त्या एका जागी तुटलेल्या होत्या. हरकतीची मुदत तोपर्यंत उलटून गेली होती, आणि त्याची रुखरुख मला अजूनही आहे. म्हणून सांगतो, भिंग आधी आणि काटा नंतर.

काट्याचे काम मात्र नीट करावे, कारण ओतीव किंवा हलक्या धातूची नक्कल तिथे लगेच उघडी पडते. एक शतांश ग्रॅम दाखवणारा काटा घेऊन नाण्याचे कोरडे वजन करावे. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणावा, बारीक दोऱ्याने बांधलेले नाणे तळाला वा काचेला न टेकवता पूर्ण बुडवावे आणि चिकटलेले बुडबुडे हलकेच झटकावेत. आता दिसणाऱ्या आकड्याने कोरड्या वजनाला भागावे; हा भागाकार म्हणजे नाण्याची घनता. ९१.७ टक्के चांदीच्या पुऱ्या वजनाच्या रुपयाला पाण्यात सुमारे १.१३ हा आकडा येतो आणि भागाकार १०.३ च्या आसपास. १९४० पासूनच्या निम्म्या चांदीच्या रुपयाचा भागाकार साडेनवाच्या जवळपास येईल. शुद्ध सोन्याच्या नाण्याला एवढे पुरत नाही, कारण सोन्याची घनता १९.३ आणि मुलाम्याखाली लपवल्या जाणाऱ्या टंगस्टन धातूची १९.२५ आहे. हॉलमार्क केंद्रातले क्ष-किरण यंत्रही पृष्ठभागाचा पातळ थरच वाचते, त्यामुळे जाड मुलाम्यावर त्याचा निकाल अपुरा पडतो. दोन्ही चाचण्या एकमेकींना जोडूनच वाचाव्यात. नाणे कसोटीवर घासू देऊ नये, आणि चिंच, लिंबू किंवा टूथपेस्ट लावून ते उजळवू तर मुळीच नये.

होळकरांच्या नाण्यांना निराळी नजर लागते. मल्हारनगरचे, म्हणजे इंदूरच्या टाकसाळीचे, जुने रुपये हाताने ठोकलेले आहेत. ठसा चकतीहून मोठा असल्यामुळे मजकूर अर्धवट येतो, आणि प्रत्येक नाण्यावर वेगळ्या जागी कापला जातो. म्हणून एकाच जातीच्या दोन नाण्यांवर मजकूर नेमका त्याच ठिकाणी तुटलेला, खळगा त्याच जागी आणि कडेची चीरही तीच असेल, तर एकाच नाण्याच्या साच्यातून दोन्ही ओतल्याचा दाट संशय घ्यावा. अशा जोडीसाठी जुन्या लिलावांचे कॅटलॉग चाळायला हवेत, आणि मी यात कितीही संध्याकाळी घालवायला तयार असतो. यशवंतराव होळकरांचा शके १७२८ चा, म्हणजे १८०६ चा, संस्कृत मजकुराचा नजराणा (खास भेटीसाठी पाडलेला) रुपया किमतीमुळे नकलाकारांना फार मोह घालतो. तिथे अक्षरांच्या तळाशी टाचणीच्या टोकाएवढे गोल खड्डे, मऊ पडलेल्या कडा आणि काठावर कानशीने पुसलेली सांध्याची रेघ शोधावी.

नाणे एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी पारखून प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकी कंपन्यांच्या सीलबंद डबीत आले असेल, तर प्रमाणपत्राचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून तिथले छायाचित्र आपल्या नाण्याशी जुळवावे, कारण डब्यांच्याही नकला निघतात. शंभर वर्षांहून जुने नाणे प्रमाणपत्रासाठी परदेशी पाठवण्याचा विचार करू नये; १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने खासगी व्यक्तीला अशी निर्यात करता येत नाही. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. मोठ्या खरेदीत अशा ठिकाणच्या जाणकाराचे लेखी मत मागावे.

संशय पक्का झाला, तर मुदतीच्या आत लिलावगृहाला ईमेल आणि स्पीड पोस्टने पत्र, दोन्ही पाठवावीत. सोबत व्हिडिओ, वजनाचे आकडे, भिंगातली छायाचित्रे आणि तज्ज्ञाचे मत जोडावे; नाणे मात्र लेखी उत्तर येईपर्यंत आपल्याकडेच ठेवावे. स्वतःच्या संग्रहासाठी घेतलेल्या नाण्याबद्दल उत्तर टाळले गेले, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच, म्हणजे इंदूरच्या ग्राहक आयोगातही, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते.