बर्फाच्या कॅमेऱ्यात वारा शिरला तेव्हा (माझा अनुभव)

हिमकणांचे फोटो काढणारं 'मास्क' हे यंत्र मूळचं अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातलं. एका गोल कड्यात तीन कॅमेरे, शेजारच्यांत 36 अंशांचा कोन. कण अवरक्त किरणांच्या दोन पट्ट्यांतून पडतो. त्यांच्यात 32 मिलिमीटर अंतर. ते पार करायला लागलेल्या वेळेवरून वेग निघतो आणि फ्लॅश उडतो.

साधा हिमकण सेकंदाला साधारण एक मीटर वेगानं पडतो. आमच्या यंत्राचे आकडे मात्र कधी अगदी शून्याजवळ, कधी गारेसारखे. सगळ्यांचा संशय पट्ट्यांवर. मी आधी वाऱ्याच्या नोंदी शेजारी ठेवल्या आणि लगेच दिसलं, विचित्र आकडे सगळे वाऱ्याच्या तासांतले! कड्याच्या आत भोवरे होतात, कण घुटमळतो किंवा आडवा सरकतो. शिवाय जमिनीवरचा जुना बर्फ उडून आत येतो आणि तोही 'हिमवर्षाव' म्हणून मोजला जातो.

यंत्राभोवती वारा अडवणारं लाकडी फळ्यांचं कुंपण उभारलं. तरीही जोराच्या वाऱ्यातले वेग मी वापरत नाही. फोटो तेवढे ठेवतो.

दुसरा त्रास किरकोळ. कॅमेऱ्याच्या काचेवर गोठलेला थेंब प्रत्येक फोटोत कण बनून यायचा. लागोपाठच्या फोटोंत अगदी त्याच जागी दिसणारा ठिपका वगळायचा, एवढी एक अट प्रोग्रॅममध्ये घातली. काच पुसायला मात्र अजूनही वर चढावंच लागतं.