मृगाआधी पेटी बंद, दसऱ्यानंतर उघडी

जुन्या कॉमिक्सना पावसाळ्यात ओल लागते हे सगळ्यांना ठाऊक असतं. सातारा-सांगलीकडे मात्र कागदाला खरा त्रास होतो तो ओल आणि कोरडेपणा यांच्या फेऱ्याचा. एप्रिल-मेच्या दुपारी हवा इतकी कोरडी की दाराच्या फळ्यांत फटी पडतात, आणि जुलैत तेच दार खांद्याने रेटून लावावं लागतं. कागदाचंही तसंच होतं. दमट हवेत तो फुगतो, कोरड्या हवेत आक्रसतो. मधल्या पिना मात्र जागच्या हलत नाहीत. वर्षानुवर्षं ही ओढाताण झाली की पिनेभोवतीची भोकं मोठी होतात आणि एक दिवस मधलं पान सुटून हातात येतं. पिना गंजल्या असतील तर आणखी लवकर.

म्हणून अंक पेटीत भरायचे ते हवा मध्यम असताना, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये. ७ जूनच्या सुमारास मृग लागतो, त्याआधी झाकण पक्कं लावायचं आणि दसऱ्याच्या आसपास घर वाळल्यावरच उघडायचं. डाळी-तिखटाच्या बरण्यांचं जे वेळापत्रक, तेच. फक्त डाळीला ऊन दाखवतात तसं कॉमिक्सला चुकूनही दाखवू नका. बहुतेक जुन्या कॉमिक्सचा आतला कागद न्यूजप्रिंटचा, म्हणजे लाकडाच्या लगद्याचा. त्यात लिग्निन नावाचं लाकडातलं द्रव्य राहिलेलं असतं. ऊन आणि हवा लागली की ते पिवळं पडतं, त्यातून आम्ल तयार होतं, आणि कागद कडेपासून ठिसूळ होत जातो. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ते १९९० या काळातली, म्हणजे त्यांतला सगळ्यात तरुण अंकसुद्धा पस्तिशीचा. त्याला उन्हाचे चटके नकोत.

हवा मध्यम आहे की नाही हे अंदाजाने ठरवू नका. तीन-चारशे रुपयांना डिजिटल आर्द्रतामापक मिळतो, तो घ्या. आकडा ४० ते ५० टक्के असेल तेव्हा पेटी भरायची. ३० च्या खाली असेल तर कागद कडकडीत झालेला असतो, हाताळताना कोपरे मोडतात. उन्हाळ्यात भरायचं झालं तर भर दुपारी नको, सकाळी भरा. ६५ च्या वर असेल तर त्या दिवशी पेटीला हात लावू नका, कारण ती दमट हवा आत कोंडली जाईल आणि बुरशीला चार महिने निवांत मिळतील. स्वस्त मापक पाच-सात टक्के चुकतात. त्यासाठी बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घेऊन दोन-चार थेंब पाणी घाला. मीठ विरघळायला नको, ओल्या वाळूसारखं व्हायला हवं. हे झाकण आणि मापक झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ दिसायला हवा. ७० दिसला तर तुमचा मापक पाच कमी दाखवतो, एवढं त्याच्या पाठीवर लिहून ठेवा.

रद्दीवाल्याकडून किंवा कुणाच्या माळ्यावरून आलेला गठ्ठा थेट संग्रहात मिसळू नका. त्यात कसर असते, झुरळांची अंडी असतात. गठ्ठा जाड झिपच्या पिशवीत घालून हवा दाबून काढा, तोंड बंद करा आणि डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. चोवीस तास तशीच राहू द्या. घाईने उघडली तर थंड कागदावर दव धरतं आणि ज्या ओलीपासून वाचवायचं तीच आपण आणून लावतो. आधीच ओलसर असलेला गठ्ठा मात्र किडीसाठी असा गोठवू नका, तो आधी सावलीत वाळवा.

सफाईला एक इंची मऊ रंगाचा ब्रश पुरतो. पिनेच्या बाजूकडून बाहेरच्या कडेकडे, एकाच दिशेने. ओलं फडकं, स्पिरिट, पावडर, काही नको. सेलोटेप लावलेली असेल तर ती ओढून काढू नका, छपाई सोबत निघते. नवी तर लावूच नका. तिचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात उतरतो, मग वरची पट्टी गळून पडली तरी डाग कायम. लॅमिनेशनचंही तसंच. त्यात अंक सुरक्षित दिसतो, प्रत्यक्षात आम्लासकट कोंडलेला असतो आणि परत काढता येत नाही. गंजलेल्या पिना नुसत्या तपकिरी असतील तर राहू द्या. गंजाची पूड पडत असेल तरच काढा: अंक मधोमध उघडून पिनेचे दोन्ही पाय पातळ प्लास्टिकच्या पट्टीने सरळ करा आणि बाहेरच्या बाजूने हळूच उचला. पिन काढायचं चिमट्यासारखं यंत्र इथे वापरलं तर मुखपृष्ठच फाटतं. त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवून मधल्या बाजूला सैल गाठ मारली की काम झालं.

बारा-पंधरा अंक एकत्र बाइंडिंग केलेले असतील तर ते सोडवत बसू नका. बाइंडरने कडा कापलेल्या असतात, सुटे करून मूळ आकार परत येत नाही. जाड खंड पुस्तकासारखा उभा ठेवा, एवढंच.

आता पिशवी. इथे सगळ्यात जास्त चुका होतात. शर्ट-साड्यांच्या पॅकिंगला ज्या पारदर्शक पिशव्या वापरतात त्या बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या असतात, आणि त्या चालतात. ४० ते ५० मायक्रॉन जाडीच्या घ्या. पीव्हीसी अजिबात नको. ते मऊ ठेवण्यासाठी घातलेलं रसायन हळूहळू बाहेर येतं आणि मुखपृष्ठाची शाई प्लास्टिकला चिकटते. नवीन रेनकोटसारखा वास आला तर संशय घ्या. पक्की खात्री करायची तर तुकडा कापून पाण्याखाली दाबा. पॉलिप्रॉपिलीन वर येतं, पीव्हीसी तळाला बसतं. पॉलिएस्टरही बुडतं, पण त्याला वास नसतो आणि बोटांत ते खडखडीत लागतं. ते मिळालं आणि परवडलं तर सगळ्यात उत्तम.

मापासाठी परदेशी कॉमिक्सच्या तयार पिशव्यांवर विसंबू नका. आपल्याकडच्या अंकांचे आकार वेगळे, आणि एकाच मालिकेतही बदललेले. अंकाच्या रुंदीत एक सेंटिमीटर मिळवा, उंचीत पाच. सैल पिशवीत अंक घसरून कोपरे दुमडतात, घट्ट पिशवीत घालताना पाठ फाटते. आणखी एक बारीक गोष्ट: चिकट पट्टी झाकणावर असेल तर अंक काढताना मुखपृष्ठ तिला चिकटतं आणि रंगाचा पापुद्रा निघून येतो. पट्टी पिशवीच्या अंगावर असलेली घ्या, नाही तर ती कापून टाका आणि झाकण नुसतं मागे दुमडा.

पिशवीत अंकामागे पुठ्ठा लागतो, पण बाइंडरकडचा करडा पुठ्ठा किंवा मिठाईच्या खोक्याचा, एका बाजूने पांढरा पुठ्ठा नको. दोन्हींत आम्ल असतं, आणि मलपृष्ठावर चौकोनी तपकिरी छाप उमटतो. चित्रकलेच्या दुकानात आम्लरहित ३०० जीएसएमचा कागद किंवा माउंट बोर्ड मागा. अंकापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठा कापा, म्हणजे कोपऱ्याला बसणारा धक्का पुठ्ठ्याला बसतो. पिशवी आणि पुठ्ठा दर पाच-सात वर्षांनी बदलायचे.

पेटीसाठी तळाला त्रिकोणात ५ आकडा असलेला, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचा, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा बरा. जुनी पत्र्याची ट्रंक उंदरांपासून वाचवायला उत्तम, पण तिला आतून रंग दिला तर वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे तीन-चार आठवडे, उघडी ठेवावी लागते. प्लायवूडच्या कपाटातून आम्लधर्मी वाफ येत राहते, त्यात अंक सुटे ठेवू नका. अंक उभे ठेवा, दोन बोटं जागा शिल्लक राहील इतपत भरून. सैल डब्यात ते कमरेत वाकतात, ठासून भरले तर काढताना फाटतात. आडवे रचायचेच असतील तर दहा सेंटिमीटरपेक्षा उंच चळत नको.

वीस लिटरच्या डब्याला साधारण ५० ग्रॅम सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे, पुरे. निळं नको, त्यात विषारी कोबाल्ट असतं, नारिंगी घ्या. त्याचा नारिंगी रंग गेला की वेगळ्या ट्रेमध्ये ओव्हनला ११०-१२० अंशांवर दीड-दोन तास वाळवा. डांबरगोळ्या अंकांसोबत टाकू नका. त्यांची वाफ काही प्लास्टिकना मऊ करते, वास कागदातून वर्षानुवर्षं जात नाही आणि श्वासालाही वाईट. कडुलिंबाचा पाला नीट वाळला नसेल तर तो ओलच आणतो. आजीच्या पोथ्यांतली वेखंडाची पुरचुंडी ठेवायला हरकत नाही, पण तिच्या भरवशावर राहू नका.

डबा घरात कुठे? पत्र्याखालच्या माळ्यावर नको, तिथे मे महिन्यात अंक भाजून निघतात. जुन्या वाड्यातल्या भिंतीच्या फडताळातही नको, मातीच्या भिंतीतून वाळवी येते. आतल्या खोलीत, भिंतीपासून वीतभर लांब, स्टँडवर ठेवा. साताऱ्यात पावसाचा मारा पश्चिमेच्या भिंतीवर असतो, ती भिंत टाळा. सांगलीत गावभागाकडे किंवा कृष्णेकाठी राहणाऱ्यांनी तळमजला विसरावा. २००५, २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं ते घराघराच्या भिंतीवर अजून दिसतं. प्रत्येक डबा दहा किलोच्या आत ठेवा, म्हणजे घरातलं कुणीही एकटं उचलून वर नेऊ शकेल. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पातळी ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर धोका असतो. डबे हलवायचे ते चाळिशीलाच, नंतर माणसांचं सामान काढण्यात कॉमिक्सची आठवण राहत नाही.

तरीही अंक भिजलेच, तर हातात साधारण ४८ तास असतात, मग बुरशी धरते. पिशवीतून बाहेर काढा. चिखल असेल तर अंक मिटलेला धरून स्वच्छ पाण्याच्या परातीत अलगद बुडवा, चोळू नका. एकेक पान सोडवायला जाऊ नका, ओला न्यूजप्रिंट लापशीसारखा तुटतो. दर आठ-दहा पानांमागे टीपकागद किंवा छपाई नसलेला कोरा कागद घाला आणि दोन-तीन तासांनी बदला. छापील वर्तमानपत्र वापरलं तर बातम्या अंकावर उमटतात. गुळगुळीत मुखपृष्ठाच्या आत बटर पेपर घाला, नाही तर वाळताना ते पहिल्या पानाला कायमचं चिकटतं. पंखा खोलीत फिरता ठेवा, थेट अंकावर नको. अंक जास्त आणि वीज चालू असेल तर थोडे वाळवायला घेऊन बाकीचे, बुरशी धरू नये म्हणून, ओले असतानाच पिशव्यांत भरून गोठवा, सवडीने काढा. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचा इथे उपयोग नाही, तिथे माल थंड ठेवतात, गोठवत नाहीत. जवळजवळ वाळले की कोऱ्या कागदांत घालून वर सपाट फळी आणि वजन ठेवा, आठवडाभर. काळे-हिरवे ठिपके दिसले तर एन-९५ मास्क लावून गच्चीवर सावलीत, पूर्ण वाळल्यावरच ब्रशने झाडा, आणि तो अंक पुढचा पावसाळा सरेपर्यंत वेगळ्या डब्यात ठेवा.