खान्देशच्या उन्हात गाडीचा रंग राखण्यासाठी पॉलिश आणि वॅक्स कसे निवडावे

पॉलिश गाडीच्या रंगावरचा अगदी पातळ थर घासून काढते आणि वॅक्स त्याच रंगावर नवा थर ठेवते. ही दोन कामे एकमेकांच्या उलट आहेत. तरीही दुकानात दोन्हींच्या बाटल्या एकाच फळीवर असतात आणि दोन्हींवर ‘चमक’ हाच शब्द मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. म्हणून बाटली निवडण्याआधी आपल्या गाडीला काढण्याची गरज आहे की ठेवण्याची, हे ठरवावे लागते. माझ्या मते खान्देशातल्या बहुतेक गाड्यांना पॉलिशची गरज क्वचितच पडते, संरक्षक थर मात्र वर्षातून किमान दोनदा हवा असतो. प्रत्यक्षात आपल्याकडे नेमके उलटे घडते. दरवर्षी दसऱ्याच्या तोंडावर गाडीला रबिंग, म्हणजे मशीनने जोरात घासून पॉलिश, करून आणले जाते आणि पुढे वर्षभर तिच्याकडे कोणी पाहत नाही.

दरवर्षीचे रबिंग का नको, हे कळण्यासाठी रंगाची जाडी माहीत असावी. कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर आधी गंजरोधक लेप, मग प्रायमर, त्यावर रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हे सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते आणि त्यात क्लिअर कोटचा वाटा बहुधा ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी असतो. उन्हातल्या अतिनील किरणांना अडवणारी द्रव्ये याच थरात असतात. कंपाउंड लावून मशीनने जोरात घासले की त्यातले काही मायक्रॉन कायमचे जातात आणि ते कोणत्याही वॅक्सने परत येत नाहीत. जुन्या गाड्यांच्या बॉनेटवर आणि छतावर पांढरट चट्टे पडून पापुद्रे सुटलेले दिसतात, त्यामागे ऊन तर असतेच, पण पुष्कळदा वर्षानुवर्षांच्या रबिंगचाही हात असतो.

आता गाडीची तपासणी. गाडी धुऊन, वाळवून सावलीत उभी करावी आणि मोबाइलचा टॉर्च बॉनेटजवळ तिरपा धरावा. प्रकाशाच्या ठिपक्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेषा दिसल्या, तर त्या क्लिअर कोटवरच्या उथळ ओरखड्यांच्या असतात आणि हलक्या पॉलिशने जातात. एखादा ओरखडा नखाला अडकत असेल, तर तो पॉलिशच्या आवाक्याबाहेरचा आहे. तिथे टच-अप रंगच लागेल. मग हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून बोटे पत्र्यावरून फिरवावीत. नुसत्या हाताला गुळगुळीत वाटणारा पत्रा पिशवीतून खरखरीत लागला, तर रंगात कण रुतलेले आहेत, असे समजावे. भुसावळजवळ दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या परिसरातली राख, रेल्वेच्या आसपासचे लोखंडाचे बारीक कण, महामार्गावर उडालेले डांबर असे बरेच काही त्यात सापडते. हे कण पॉलिशने काढू नयेत. त्यासाठी क्ले बार, म्हणजे मळलेल्या कणकेसारखी मऊ, चिकट वडी मिळते. भरपूर साबणपाणी किंवा त्याच्यासोबतचे वंगण वापरून हा बार हलक्या हाताने फिरवावा आणि जमिनीवर पडला तर सरळ फेकून द्यावा, कारण त्याला चिकटलेली एक वाळूची कणीदेखील बॉनेटभर रेघा ओढते.

बॉनेटवरच्या त्या गोल रेषा येतात कुठून? आपल्याकडची काळी माती वाळली की पिठासारखी उडते आणि ती अंगणात उभ्या असलेल्या गाडीवर रात्रीत साचते. सकाळी जुन्या बनियनच्या कोरड्या फडक्याने ती पुसण्याची सवय घरोघरी आहे, आणि रंगाचे सर्वांत जास्त नुकसान तीच करते. धुळीने भरलेल्या गाडीवर कव्हर चढवणे हेही त्याच जातीचे, कारण वाऱ्याने हलणारे कव्हर रात्रभर तीच धूळ रंगावर घासत राहते. ही सवय सुटली नाही, तर कितीही महागाचे पॉलिश आणले तरी दोन महिन्यांत रेषा परत येतात.

पॉलिश घ्यायचेच ठरले, तर लेबल नीट वाचावे. ‘रबिंग कंपाउंड’ किंवा ‘हेवी कट’ असे लिहिलेली बाटली घरगुती वापरासाठी घेऊ नये. ‘फाइन’, ‘फिनिशिंग’ किंवा ‘स्वर्ल रिमूव्हर’ असे लिहिलेली आणि क्लिअर कोटसाठी सुरक्षित असल्याचा उल्लेख असलेली बाटली घ्यावी. पॉलिश निवडताना सर्वांत सौम्य प्रकारापासून सुरुवात करावी. हातभर लांबीच्या चौकोनावर करून पाहावे आणि तेवढ्याने भागले नाही, तरच पुढची पायरी चढावी. मशीन वापरणार असाल, तर ड्युअल ॲक्शन प्रकारचे, म्हणजे फिरता फिरता जागा बदलत डुलणारे घ्यावे. गॅरेजमधले एकाच जागी गरगर फिरणारे रोटरी मशीन कुशल हातात उत्तम काम करते, पण सराव नसलेल्या हाताने बॉनेटच्या कडेवर ते क्षणभर जास्त टेकले, तरी तिथला रंग उडू शकतो. फार जुन्या एकथरी रंगाच्या गाड्यांवर क्लिअर कोट नसतो. पांढऱ्या फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन आडजागी घासले असता फडक्याला गाडीचा रंग लागला, तर गाडी त्यातली आहे, असे समजून हात आणखी हलका ठेवावा. मॅट फिनिशच्या गाडीला पॉलिश आणि साधे वॅक्स दोन्ही वर्ज्य आहेत. त्यांनी मॅटवर चमकणारे डाग पडतात आणि ते निघत नाहीत.

वॅक्सची निवड करताना मात्र आपल्या हवामानाचा विचार आधी करावा लागतो. कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळते आणि गडद रंगांवर त्याची झळाळी फार देखणी दिसते. शुद्ध कार्नोबा ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते. डबीतल्या वॅक्समध्ये ते लावता यावे म्हणून तेले आणि मऊ मेणे मिसळलेली असतात. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा उघड्यावर उभ्या असलेल्या काळ्या गाडीचा पत्रा ७० अंशांच्या आसपास तापू शकतो. अशा पत्र्यावर कार्नोबाचा थर आठवड्यांच्या हिशेबातच टिकतो. म्हणून होळीनंतर, ऊन तापू लागण्याआधी, कृत्रिम पॉलिमरचे सीलंट लावावे. ‘पेंट सीलंट’ किंवा ‘सिंथेटिक वॅक्स’ या नावाने ते मिळते आणि नीट लावले तर साधारण चार-सहा महिने साथ देते. सिलिकायुक्त म्हणजे ‘सिरॅमिक’ असे लिहिलेले फवारणीचे वॅक्सही उन्हात चांगले टिकते आणि ज्यांना तासभर घासत बसायचे नाही, त्यांच्यासाठी तेच सोयीचे आहे. हौसेने कार्नोबा लावायचे असेल, तर दिवाळीपासून माघापर्यंतचे गार महिने त्यासाठी राखावेत. गाडी बंद शेडमध्ये राहत असेल, तर हा नियम थोडा सैल करायला हरकत नाही.

‘क्लीनर वॅक्स’ किंवा ‘पॉलिश अँड वॅक्स’ असे एकत्र लिहिलेल्या बाटलीबद्दल वेगळे सांगायला हवे. तिच्यात सौम्य घासकण आणि वॅक्स दोन्ही असतात. जुन्या, किंचित निस्तेज गाडीला वर्षातून एकदा ती लावणे ठीक आहे, पण दर महिन्याला लावली तर दर महिन्याला थोडा क्लिअर कोट जातो. तसेच काही ठिकाणी धुतल्यावर डिझेल किंवा रॉकेलचा हात फिरवून गाडी चकाकवून देतात. ती चकाकी तेलाची असते. तिच्यावर धूळ आणखी चिकटते आणि रबराच्या पट्ट्या फुगून खराब होतात. शोरूममध्ये नव्या गाडीसोबत महागडे कोटिंग गळी उतरवले जाते, तेव्हा ते नेमके कशाचे आहे आणि किती महिन्यांचे आहे हे लेखी विचारावे. कित्येकदा ते आपण घरी लावू शकतो त्याच जातीचे सीलंट असते.

लावण्याची रीत फार अवघड नाही, पण जागा आणि वेळ सांभाळावी लागते. पत्रा हाताला थंड लागला पाहिजे, म्हणून उन्हाळ्यात हे काम भल्या सकाळी सावलीत करावे. धुण्यासाठी गाडीचाच शाम्पू वापरावा, कारण भांड्यांचा साबण आधीचे वॅक्स उतरवतो. बोअरचे पाणी जड असेल, तर धुतल्यावर गाडी उन्हात वाळू देऊ नये. थेंबांच्या जागी क्षारांची पांढरी कडी उमटतात आणि त्यांच्यावरच वॅक्स लावले, तर ती आत दबून राहतात. ताजी कडी पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन ओल्या फडक्याने निघतात, त्यानंतर ती जागा साध्या पाण्याने धुवावी. मग मायक्रोफायबरच्या फडक्याने वाळवून, एकेका भागावर वॅक्सचा अगदी पातळ हात द्यावा. जाड लेपाने संरक्षण वाढत नाही, फक्त पुसण्याचे कष्ट वाढतात. बाटलीवर सांगितलेला वेळ थांबून दुसऱ्या स्वच्छ फडक्याने पुसावे आणि सीलंट असेल, तर लेबलवरच्या मुदतीपर्यंत गाडीला पाणी लागू देऊ नये. काळ्या प्लॅस्टिकवर वॅक्सचे पांढरे डाग बसतात, म्हणून तिथे आधी मास्किंग टेप लावावी. नुकत्याच रंगवलेल्या भागावर मात्र रंगकाम करणारा सांगेल तितके दिवस, सहसा महिना-दोन महिने, वॅक्स लावू नये. ताज्या रंगातली द्रावके आधी बाहेर पडावी लागतात.

संरक्षक थर असला, तरी काही डागांना ताबडतोब हात घालावा लागतो. रावेर-यावलच्या बागायतदारांना केळीच्या चिकाचा अनुभव आहे. कपड्यावर पडला की तो तपकिरी होऊन बसतो, तसाच रंगावरही. घड भरताना गाडीवर चीक उडाला, तर तिथेच पाणी ओतावे. वाळलेला असेल, तर साबणपाण्याचे ओले फडके काही वेळ त्यावर ठेवून भिजवावे, नखाने खरवडू नये. पक्ष्यांची विष्ठाही तशीच. तापलेल्या क्लिअर कोटवर ती वाळली की तिचा ठसा खोलवर उमटतो. वाहनपूजेच्या वेळी बॉनेटवर काढलेल्या स्वस्तिकाचे कुंकू कोरड्या हाताने पुसू नये, पाण्याने धुऊन काढावे. सीलंट पूजेच्या आधीच लावलेले असेल, तर हळदीकुंकवाचा डाग रंगापर्यंत पोचत नाही.

थर संपला की नाही, हे धुताना कळते. पाणी टपोरे थेंब होऊन घरंगळत असेल, तर थर शिल्लक आहे. ते चादरीसारखे पसरून चिकटून राहू लागले, की पुन्हा लावण्याची वेळ झाली. छत आणि बॉनेट यांवरचा थर दारांच्या आधी जातो, तेव्हा मधल्या काळात तेवढ्याच भागांना पुन्हा हात दिला तरी चालते. उरलेली बाटली उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवू नये. तिथल्या उष्णतेने मिश्रण फुटते. झाकण घट्ट लावून ती घरातच सावलीत ठेवावी.