खुर्ची एका दमात चिकटवू नका

माझी पहिली खुर्ची मी एका दमात चिकटवली. चार पाय, आठ आडव्या पट्ट्या, म्हणजे 16 सांधे. अकराव्या सांध्याशी येईतो पहिल्यांवरचा ग्लू धरायला लागला आणि एक कुसू (पट्टीच्या टोकाला कोरलेली जीभ) पायातल्या भोकात अर्ध्यावर रुतलं. ना आत, ना बाहेर. शेवटी करवत चालवली.

तेव्हापासून पुढचे दोन पाय आणि त्यांच्यामधल्या पट्ट्या एवढीच चौकट आधी चिकटवतो, मग पाठीची. बाजूच्या पट्ट्या दुसऱ्या दिवशी.

पण त्याआधी ग्लू न लावता अख्खी खुर्ची जोडून बघा, क्लॅम्पसकट (म्हणजे सांधा आवळून धरणारे शिकंजे). प्रत्येक सांध्यावर पेन्सिलीनं खूण करा. कुसू हातानं बरंचसं आत जावं आणि लाकडी हातोड्याच्या दोन टोल्यांत बसावं. याहून घट्ट नको, कारण पांढऱ्या ग्लूमधल्या पाण्यानं लाकूड फुगतं. भोक दीड-दोन मिलिमीटर जास्त खोल ठेवा. नाहीतर तळाशी कोंडलेला ग्लू कुसू आत जाऊ देत नाही आणि फार ठोकलंत तर पायच चिरतो.

ग्लू भोकाच्या भिंतींना आणि कुसवाच्या रुंद बाजूंना लावायचा. मी जुना टूथब्रश वापरतो. हातात साधारण 10 मिनिटं असतात, उन्हाळ्यात त्याहून कमी. क्लॅम्प पट्टीच्या रेषेतच लावा, खाली लाकडाचा तुकडा ठेवून. सांधा मिटला की थांबा. आणखी आवळलं तर पट्टी वाकते.

लगेच पायांमधलं अंतर वर आणि खाली मोजा. सारखं नसेल तर क्लॅम्प थोडा सरकवा. बाहेर आलेला ग्लू ओल्या फडक्यानं पुसू नका, तो लाकडात मुरतो आणि पॉलिशनंतर डाग दिसतो. अर्ध्या तासानं रबरासारखा झाला की पटाशीनं (लाकूड तासायच्या छिन्नीनं) अलगद निघतो.

दोन्ही चौकटी जोडताना गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) उपयोगाचा नाही, कारण बैठक बहुधा पुढे रुंद, मागे अरुंद असते. बैठकीचे दोन कर्ण, म्हणजे समोरासमोरच्या कोपऱ्यांमधली तिरकी अंतरं मोजा, ती सारखी हवीत. मग खुर्ची सपाट जागी उभी करा आणि ग्लू ओला आहे तोवर उचललेला पाय दाबून टेकवा. 24 तास कुणालाही बसू देऊ नका.

तरी डुगडुगली तर लांब वाटणारा पाय कापत बसू नका. आखूड पायाखाली पाचर सारा, पेन्सिल एका ठोकळ्यावर आडवी धरून चारही पायांभोवती सारख्या उंचीवर रेघ फिरवा आणि त्या रेघेवर कापा.