इंग्रजीत ‘चालणे’ लिहिताना या चुका टाळा

मराठीत चालण्याची तऱ्हा बहुधा क्रियाविशेषण सांगते: कोणी तरातरा चालतो, कोणी रमतगमत, तर लहान मूल दुडूदुडू. इंग्रजीत हीच तऱ्हा बरेचदा क्रियापदातच सामावलेली असते. म्हणून ‘स्ट्रोल’, ‘ट्रज’ आणि ‘शफल’ या तिन्हींचा अर्थ ‘हळू चालणे’ एवढाच पाठ करून हाताला लागेल तो शब्द वापरला, तर वाक्य व्याकरणात बसते, पण अर्थाचा घोटाळा होतो.

केवळ वेगावरून शब्द निवडणे, ही यातली सर्वांत मोठी चूक. माणूस हळू का चालतो आहे, हे आधी पाहावे. स्ट्रोल करणाऱ्याला सवड असते आणि चालण्यात त्याला आनंद वाटतो. ट्रज करणारा दमलेला असतो किंवा चिखल, चढ, ओझे यांमुळे त्याला पाऊल उचलणे जड जाते. शफल करणारा पाय घासत चालतो. ऑपरेशन थिएटरबाहेर जिवाला घोर लागलेला बाप येरझाऱ्या घालत असेल आणि त्यासाठी आपण ‘स्ट्रोल’ लिहिले, तर तो तिथे हवा खायला आल्यासारखा वाटतो. तिथे ‘पेस’ हेच क्रियापद हवे, आणि ‘ही पेस्ड द कॉरिडॉर’ या रचनेत मध्ये ‘इन’ घालण्याचीही गरज नसते.

‘लिम्प’, ‘स्टॅगर’ आणि ‘स्टम्बल’ यांचीही अशीच गल्लत होते. लिम्पमध्ये पाय दुखावलेला असतो, स्टॅगरमध्ये तोल जाऊन माणूस झोकांड्या खातो, तर स्टम्बल म्हणजे ठेचकाळणे.

ढांगा टाकत जाण्यासाठी ‘स्ट्राइड’ वापरल्यावर पुन्हा ‘विथ लाँग स्टेप्स’ जोडू नये. त्याचा भूतकाळ ‘स्ट्रोड’ होतो, ‘स्ट्राइडेड’ नव्हे. ‘स्ट्रट’ आणि ‘वॉडल’ मात्र जपून वापरावेत, कारण पहिल्यात तोऱ्यावर टीका असते आणि बदकासारख्या चालीचा दुसरा शब्द मोठ्या माणसाला लावला की सहसा त्याच्या अंगलटीची टिंगल होते.

सह्याद्रीत सकाळी गड चढून संध्याकाळी घरी परतण्याला आपण सर्रास ‘ट्रेक’ म्हणतो. दक्षिण आफ्रिकेतल्या डच वसाहतकऱ्यांच्या भाषेतून इंग्रजीत आलेल्या या शब्दात लांबचा, बहुधा अनेक दिवसांचा खडतर प्रवास अभिप्रेत असतो. त्यामुळे परदेशी वाचकासाठी लिहिताना एका दिवसाच्या अशा चढाईला ‘हाइक’ म्हणणेच योग्य ठरते.