खान चेकॉव्हला ओळखतो कसा? मालिकेची कालरेषा मांडून वाद कसा घालावा

चवथीला आमच्या फोंड्याच्या घरी भावंडं जमली, की आरती आटोपून नेवऱ्यांचं ताट मध्ये येतं आणि 'स्टार ट्रेक' या अंतराळप्रवासाच्या अमेरिकी मालिकेवरून वाद सुरू होतो. बरीच वर्षं ज्याचा आवाज मोठा, तो जिंकायचा. मग आम्ही वाद कागदावर आणला आणि त्याची गोडी वाढली. तुमच्याकडेही असे वेडे असतील तर असं करून पाहा.

आधी एकच प्रश्न निवडा, आणि तो असा की त्याचा पुरावा पडद्यावर शोधता येईल. 'कोणता कप्तान भारी' यावर रात्र सरते, हाती काही लागत नाही. आमचा लाडका प्रश्न असा: याच मालिकेवरच्या १९८२ च्या चित्रपटात खलनायक खान, मालिकेतल्या अंतराळ-जहाजावरचा अधिकारी चेकॉव्ह याला पाहताच ओळखतो. पण खानचा मूळ भाग, 'स्पेस सीड', फेब्रुवारी १९६७ मध्ये पहिल्या हंगामात दाखवला गेला आणि चेकॉव्ह मालिकेत आला सप्टेंबर १९६७ मध्ये, दुसऱ्या हंगामात. मग यांची भेट झाली कधी?

आता जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांचे तळहाताएवढे तुकडे करा. एका तुकड्यावर एकच घटना. डाव्या कोपऱ्यात ती प्रेक्षकांनी पहिल्यांदा पाहिली ती तारीख, उजव्या कोपऱ्यात कथेतला काळ. बहुतेक भांडणं या दोन्हींची गल्लत झाल्यानेच होतात. 'स्टार वॉर्स' या दुसऱ्या चित्रपटमालिकेचंच बघा: तिचा १९७७ चा चित्रपट कथेत चौथा आहे. पहिले तीन भाग १९९९, २००२ आणि २००५ मध्ये आले. माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट) बांधून उरलेली सुतळी भिंतीवर ताणा आणि तुकडे कथेतल्या क्रमाने चिमट्यांनी लावा. २००९ च्या 'स्टार ट्रेक' चित्रपटापासून काळाचा वेगळा फाटा फुटतो, त्याला दुसरी सुतळी.

प्रत्येक तुकड्यामागे पुरावा लिहा: भागाचं नाव आणि मिनिट. चवथीच्या पावसात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून हे काम आदल्या आठवड्यातच उरका. पडद्यावर दिसलेलं निळ्या शाईने, पात्राच्या तोंडून आलेलं लाल शाईने, कारण पात्र चुकतं, कधी खोटंही बोलतं. आपला तर्क मात्र पेन्सिलीनेच.

पुराव्याचं वजन करणं हा सगळ्यात रसाळ भाग. 'स्पेस सीड'ची तारा-तारीख, म्हणजे कथेतली आकड्यांत सांगितलेली तारीख, ३१४१.९. दुसऱ्या हंगामातल्या 'कॅट्सपॉ'ची ३०१८.२, आणि त्यात चेकॉव्ह आहे! म्हणजे आकड्यांच्या हिशेबाने तो खानच्या आधीच जहाजावर होता. हे सापडलं त्या रात्री आमच्याकडे टाळ्या वाजल्या. पण मूळ मालिकेच्या लेखकांना दिलेल्या सूचनाच अशा होत्या की कुठलेही चार आकडे घ्या, भागांमधल्या क्रमाची फिकीर नको. तेव्हा हा पुरावा तितका पक्का नाही. १९८७ च्या 'नेक्स्ट जनरेशन' या पुढच्या 'स्टार ट्रेक' मालिकेत मात्र आकड्यांना शिस्त आहे: पहिल्या हंगामाची तारा-तारीख ४१ ने सुरू होते, दुसऱ्याची ४२ ने. तिथे असाच आकडा मी निर्धास्तपणे पुढे करीन.

दुसरं उत्तर असं, की चारशेहून अधिक माणसांच्या त्या जहाजावर चेकॉव्ह तेव्हा खालच्या एखाद्या विभागात कामाला असेल, म्हणून आपल्याला दिसला नाही. मला हेच पटतं. तरी ते पेन्सिलीतच राहणार.

पुस्तकं धरायची का, हे सुरुवातीलाच ठरवा. 'स्टार वॉर्स'च्या जुन्या कादंबऱ्या एप्रिल २०१४ मध्ये 'लेजंड्स' या नावाखाली मुख्य कथेबाहेर काढल्या गेल्या. त्यांचा आधार मध्येच कोणी काढला की डाव मोडतो. कोणी कुठवर पाहिलंय तेही विचारून घ्या, एखाद्या पोराची मजा हिरावू नका.

प्रत्यक्ष वादात सर्वांत धाकट्याने आधी बोलायचं. मोठे दादा आधी बोलले की लहान गप्प बसतात, आणि आमच्याकडे बारीकसारीक गोष्टी तेच टिपतात. उत्तर देणाऱ्याने समोरच्याचं म्हणणं आधी स्वतःच्या शब्दांत सांगायचं. त्याने मान डोलावली की मगच खोडायचं. नवा पुरावा आला तर तुकडा हलवायचा, जुनी जागा खोडून न टाकता मागे नोंदवायची.

यंदा आमच्या धाकट्या बहिणीने दुसरा हंगाम अख्खा पाहून प्रत्येक भागाची तारा-तारीख उतरवायला घेतली आहे. तिची वही येईपर्यंत चेकॉव्हचा तुकडा सुतळीच्या टोकाला, वेगळ्या चिमट्यात लटकतो आहे.