तापासोबत पुरळ उठले तर : दवाखान्याआधीची तयारी

तापात अंगावर पुरळ उठले की खान्देशातल्या कितीतरी घरांत आजही 'माता आली' असेच म्हटले जाते, आणि मग दारात कडुनिंबाचा डहाळा लागतो, फोडणी बंद होते, आंघोळ बंद होते, आणि दवाखान्याचा विषय पाच-सात दिवस पुढे ढकलला जातो. ज्या रोगाला आपण देवी म्हणत होतो त्याचा भारतातला शेवटचा रुग्ण 1975 मध्ये आढळला आणि 1980 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो रोग जगातून संपल्याचे जाहीर केले. आज जे दिसते ते गोवर असेल, कांजिण्या असतील, डेंग्यू असेल, एखाद्या औषधाची रिअ‍ॅक्शन असेल, किंवा क्वचित रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग असेल, ज्यात काही तासांचा उशीरही जिवावर बेततो. डहाळा लावण्याने कोणाचे नुकसान होत नाही. नुकसान होते ते तापलेल्या लेकराचे पाणी आणि जेवण तोडल्याने. यातला फरक घरच्यांना वेळेवर कळावा, यासाठी ही तयारी आहे.

पहिली तयारी एका कापडी पिशवीची. तिच्यात थर्मामीटर, पारदर्शक काचेचा साधा पेला, वही-पेन, मुलाचे लसीकरण कार्ड, ओआरएसची दोन पाकिटे आणि गेल्या दोन-तीन आठवड्यांत घरात कोणीही घेतलेल्या औषधांच्या रिकाम्या पट्ट्या असाव्यात. पट्ट्या फेकू नयेत, कारण 'मेडिकलवरून पांढरी गोळी आणली होती' एवढ्या सांगण्यावरून डॉक्टरांना काहीच कळत नाही, आणि फिटच्या किंवा सल्फाच्या (एका जातीच्या जंतुनाशक औषधाच्या) गोळ्यांनंतर उठणारे पुरळ कधी कधी फार घातक निघते. तोंड आले, डोळे लाल झाले, कातडी दुखू लागली किंवा सोलून निघू लागली, तर शंका असलेले औषध पुढे न देता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. नंदुरबार आणि सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत. घरात असा रुग्ण असेल तर त्याचे कार्डही पिशवीत हवे, कारण त्याला नुसता ताप आला तरी थांबून चालत नाही.

वहीत तारखा लिहाव्यात. ताप कोणत्या दिवशी आला, पुरळ कितव्या दिवशी आणि अंगावर कोठून सुरू झाले, एवढ्यावरून डॉक्टरांचा अर्धा अंदाज बांधला जातो. गोवरात आधी तीन-चार दिवस ताप, खोकला, वाहणारे नाक आणि लाल डोळे असतात, मग कानामागून व कपाळावरून पुरळ खाली उतरते. कांजिण्यांत पाण्याने भरलेले फोड पोटा-पाठीवर जास्त असतात आणि एकाच वेळी काही कोवळे, काही सुकलेले दिसतात. डेंग्यूत डोळ्यांमागे आणि सांध्यांत ठणका असतो. पावसाळ्यानंतर गवत कापणाऱ्या किंवा बांधावर बसणाऱ्या माणसाला ताप आला, तर काख, जांघ आणि कमरेचा करदोडा सरकवून त्याखाली नीट पाहावे. तेथे न दुखणारी, विडीचा चटका बसावा तशी काळी खपली दिसली तर तो स्क्रब टायफस, म्हणजे गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप, असू शकतो, आणि वेळेत योग्य अँटिबायोटिक मिळाले तर तो बरा होतो. ही खपली रुग्णाला स्वतःला बहुधा माहीतच नसते.

आता काचेच्या पेल्याचे. डागावर पेल्याची बाजू घट्ट दाबून काचेतून पाहावे. दाबल्यावर लाली मावळली तर थोडा धीर धरता येतो. डाग तसेच लाल-जांभळे राहिले तर रक्त कातडीखाली उतरले आहे असे समजावे आणि तापासोबत असे डाग असतील तर सकाळची वाट पाहू नये. सावळ्या अंगावर हे लवकर उमजत नाही, म्हणून तळहात, तळपाय आणि पापणीची आतली बाजू चांगल्या उजेडात पाहावी. मात्र लाली मावळली म्हणून मूल ठणठणीत आहे असे होत नाही. मान ताठ होणे, झटके येणे, हाक मारूनही नीट जाग न येणे, दम लागणे, हातपाय थंडगार पडणे, पाणी पोटात न टिकणे, सहा-आठ तासांत लघवी न होणे, यातले एक जरी दिसले तरी पुरळ कसलेही असो, निघावे. तीन महिन्यांच्या आतील बाळाला 100.4 अंश फॅरनहाइट ताप आला, तर पुरळाची वाटही पाहू नये.

डेंग्यूबाबत एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते, कारण येथेच लोक फसतात. ताप उतरला की घर निर्धास्त होते, पण या आजारात धोक्याचे दिवस बहुधा ताप उतरतानाच, तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान सुरू होतात. ताप गेला आणि पोट दुखू लागले, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आले किंवा माणूस सुस्त अथवा बेचैन झाला, तर तो बरा होत नसून बिघडतो आहे.

तापासाठी पॅरासिटामॉलच द्यावे. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन किंवा दुकानातून आणलेली मिश्र गोळी देऊ नये. मुलाला एका वेळी वजनाच्या दर किलोला 15 मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे दहा किलोच्या मुलाला 150 मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने आणि दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा नाही. पाच मिलिलिटरमध्ये 125 आणि 250 मिलिग्रॅम अशा दोन्ही ताकदीच्या बाटल्या मिळतात, तेव्हा लेबल वाचल्याशिवाय चमचा भरू नये. कोमट पाण्याने अंग पुसावे, पातळ खिचडी द्यावी, अंगावर पिणारे बाळ असेल तर दूध तोडू नये.

गोवराची शंका आली की आशाताईंना त्याच दिवशी कळवावे. 2022 च्या अखेरीस मुंबई, भिवंडी आणि धुळ्याला लागून असलेल्या मालेगावात गोवराचा उद्रेक झाला होता, त्यामुळे ही साथ आपल्यापासून दूर आहे असे मानता येत नाही. गोवर-रुबेलाची लस 9 ते 12 महिन्यांत आणि 16 ते 24 महिन्यांत अशी दोनदा मिळते. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबांचा दुसरा डोस अनेकदा राहून जातो, तो कार्डावर पाहून घ्यावा. गोवर झालेल्या मुलाला लागोपाठ दोन दिवस जीवनसत्त्व 'अ' देतात. ते आरोग्य केंद्रातून वयानुसार मोजून घ्यावे.

वाहनाची सोय दिवसाउजेडी ठरवावी. 108 ची रुग्णवाहिका मोफत आहे, पण धडगाव-अक्कलकुव्याकडच्या ज्या पाड्यावर रेंज मिळत नाही, तेथे कोणाची जीप रात्री निघेल आणि फोन करायला कोणत्या टेकडीवर जावे लागेल, हे आधीच माहीत हवे. निघताना पुरळावर हळद, पावडर किंवा कॅलामाइन लावू नये, नाहीतर खरे डाग झाकले जातात. दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवरच 'ताप आहे आणि अंगावर पुरळ आहे' असे सांगून बाहेर मोकळ्या हवेत, गरोदर बायका आणि तान्ह्या बाळांपासून दूर बसावे, आणि आत बोलावल्यावर आधी वही पुढे करावी.